खळे, कचेरी आणि कारखाना

बीदर आणि हुमनाबाद या दोन जुन्या पेठांच्या दरम्यान, जांभ्या दगडाची तांबडी जमीन आणि काळे रान यांची सरमिसळ झालेल्या पट्ट्यात हळ्ळीखेड (बी) हे गाव वसलेले आहे. एका बाजूस बहमनी सुलतानांची राजधानी आणि महमूद गवानाचा १४७२ साली बांधून पुरा झालेला मदरसा, दुसऱ्या बाजूस शिवशरणांचे कल्याण, आणि हुमनाबादेलगत सकलमत संप्रदायाचे माणिकनगर, अशा तीन निरनिराळ्या परंपरांच्या सावलीत या गावाचे जीवन घडले. येथे घरात कन्नड बोलणारा, हिशेब मराठीत मांडणारा आणि बाजारात दखनी बोलीत सौदा करणारा मनुष्य ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. परस्परांची मातृभाषा, उपास्य दैवत आणि घरचे अन्न ही सारी भिन्न असूनही जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच खळ्यावर, एकाच चावडीत आणि पुढे एकाच कारखान्यात काम करीत आली, त्यांचे सहकर्म कोणत्या आधारावर उभे होते, हा प्रश्न या मुलखाच्या इतिहासाकडे पाहताना वारंवार मनात येतो.

सहकाऱ्याशी पटणे वा न पटणे हा केवळ स्वभावाचा खेळ आहे, गोड बोलणाऱ्याचे सर्वांशी जमते आणि तापट माणसाचे कोणाशीच जमत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या मुलखात कामाची गाठ जन्मभराची, किंबहुना वंशपरंपरेची होती, तेथे केवळ स्वभावावर विसंबून कोणाचेच चालण्यासारखे नव्हते. तेथे माणसांनी सलोख्यासाठी रीती निर्माण केल्या, त्या मोडल्या, पुन्हा जुळवल्या. आणि त्या रीतींच्या यशापयशात आजच्या कोणत्याही कचेरीला उपयोगी पडेल असा अनुभव साठून राहिला आहे.

या अनुभवाचा आरंभ कल्याणापासून करणे उचित होईल. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाच्या राज्यात बसवण्णा हे भांडारी, म्हणजे राजकोशाचे अधिकारी होते. कचेरीतील हिशेब, हाताखालची माणसे आणि वरिष्ठांचा रोष या गोष्टी त्यांना प्रत्यक्ष परिचयाच्या होत्या. त्यांच्या भोवती जो शरणसमुदाय गोळा झाला त्यात वस्त्रे धुणारे मडिवाळ माचय्या होते, नाव चालविणारे अंबिगर चौडय्या होते, बुरुडकाम करणारे मेदार केतय्या होते, दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, पादत्राणे करणारे हरळय्या होते. आणि परंपरा असे सांगते की काश्मीरचे राज्य सोडून आलेले मोळिगे मारय्या येथे लाकडाच्या मोळ्या विकून निर्वाह करीत. अनुभवमंटप या शरणांच्या सभेच्या शून्यपीठावर अल्लमप्रभू विराजमान होत, आणि त्या सभेत अध्यात्माइतकीच चर्चा कायक आणि दासोह यांची चाले. प्रामाणिक श्रम हे कायक, आणि त्या श्रमाच्या फळातून समाजाला अर्पण करावयाचा भाग हा दासोह.

सहकर्माच्या दृष्टीने या विचारातील क्रांतिकारक गोष्ट अशी की, त्याने कामांची उतरंड नाकारली. दोर वळणारा आणि राज्याचा खजिना सांभाळणारा हे दोघे एका आसनावर बसून बोलू लागतात, तेव्हा त्या दोघांमध्ये दया आणि कृतज्ञता यांच्या पलीकडचे, बरोबरीचे नाते संभवते. आय्दक्की मारय्या आणि त्यांच्या पत्नी लक्कम्मा यांची कथा या भागात अजून सांगितली जाते. सांडलेले तांदूळ वेचून दासोह करणे हे त्या दांपत्याचे कायक होते. एके दिवशी मारय्या नित्यापेक्षा अधिक तांदूळ घरी घेऊन आले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून येण्यास सांगितले, कारण गरजेहून अधिक उचलणे म्हणजे दुसऱ्याचा वाटा उचलणे होय. कथेतील ऐतिहासिक अंश किती हा प्रश्न अलाहिदा. परंतु आपल्या वाट्याची मर्यादा स्वतः ओळखणे ही सहकाऱ्याविषयीच्या आदराची पहिली खूण आहे, हे लोकांनी शतकानुशतके जपावेसे वाटलेले तत्त्व मात्र निःसंशय खरे आहे. हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या कुटुंबांतील विवाहसंबंधावरून कल्याणात जो उत्पात झाला, त्याने हा प्रयोग रक्तात बुडाला आणि शरण दशदिशांना पांगले. तथापि श्रमाच्या प्रतिष्ठेचे बीज या भूमीत राहिले.

कल्याणाने प्रतिष्ठा दिली. वाटणीची रीत मात्र गावाच्या खळ्याने दिली. मराठी मुलखात ज्यांना बलुतेदार आणि कन्नड मुलखात आयगार म्हणत, ते कारूनारू या सीमेवर दोन्ही नावांनी ओळखले जात. सुगीत ज्वारीची रास पडली म्हणजे सुतार, लोहार, चांभार, महार यांची थोरली कास, कुंभार, न्हावी, परीट, मांग यांची मधली आणि जोशी, गुरव आदींची धाकटी, अशा क्रमाने वाटा निघत असे; प्रांतोप्रांती या यादीत फरक असले तरी तत्त्व एकच होते. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाचा हक्क ठरलेला, आणि तो हक्क सर्वांच्या डोळ्यांदेखत मापला जाणारा. नांगराचा फाळ मोडला तर लोहाराला त्या वेळी पैसा द्यावा लागत नसे, आणि पाऊस लांबला तर लोहारालाही कुणब्याबरोबर पोट आवळावे लागे. सुखदुःखाची ही भागी कोणा एकाच्या उदारतेवर अवलंबून नव्हती, आणि म्हणूनच ती टिकाऊ ठरली.

तंटा उत्पन्न झाला असता त्याच्या निवाड्याचीही रीत होती. देशमुख, देशपांडे, काजी, शेटे, महाजन, पाटील, कुलकर्णी आणि समस्त बलुते यांची सभा भरे, दोन्ही पक्षांच्या तकरिरा लिहून घेतल्या जात, साक्षी होत, आणि अखेरीस महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, तयार होई. जुन्या महजरांतील निशाण्या पाहिल्या म्हणजे मन भरून येते. कुणब्याचा नांगर, वाण्याची तराजू, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी अशी ज्याच्या त्याच्या धंद्याची आकृती कागदाच्या तळाशी काढलेली असते. अक्षरशत्रू मनुष्यही तेथे साक्षीदार होता, आणि त्याची ओळख त्याच्या कामाच्या अवजाराने नोंदली जात होती. सर्वांसमक्ष बोललेले आणि सर्वांच्या निशाणीने पक्के झालेले वचन मोडणे सोपे नसते. पाठीमागे कुजबुजत राहणाऱ्या तक्रारीपेक्षा चावडीत उघड मांडलेली तक्रार अंती कमी विषारी ठरते, हे शहाणपण त्या रीतीत होते.

परंतु या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे हा इतिहासाशी आणि माणुसकीशी द्रोह होईल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात तिचे गुण आणि तिची कुजकी अंगे दोन्ही बारकाईने नोंदविली आहेत. महाराच्या वतनात रात्रंदिवस राबण्याची सक्ती होती, सरकारी टपाल वाहण्यापासून मेलेले जनावर ओढण्यापर्यंत कामाला अंत नव्हता, आणि त्या बदल्यात मिळणारा वाटाही हक्काच्या ताठ मानेने मागता येत नव्हता. महजरावर त्याची निशाणी उमटे, पण चावडीच्या ओट्यावर त्याला बसता येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अन्यायावर बोट ठेवून. हा मुलूख निजामाच्या हद्दीत असल्याने त्या विधेयकाच्या कक्षेत येत नसला तरी येथील महाराचे दुःख तेच होते. वाटणी स्पष्ट असूनही मान नसेल तर सहकर्म हे वेठ होते. कल्याणाने जे सांगितले ते खळ्याने ऐकले नाही, आणि त्याची किंमत शतकानुशतके दुर्बलांनी मोजली.

खळ्याच्या जोडीला आणखी एक कामाची जागा या भागात होती, आणि तेथील नाते काहीसे निराळे होते. विहिरीला पाणी असलेल्या शेतकऱ्यांच्या रानात माघ-फाल्गुनाच्या सुमारास गुऱ्हाळ लागे. एकट्या घराच्या मनुष्यबळावर ऊस तोडणे, वाहणे, चरकात घालणे आणि काहिलीखाली जाळ चालू ठेवणे शक्य नसल्यामुळे शेजारचे शेतकरी आपले बैल आणि आपले हात सावडीने देत, आणि ती फेड पुढे त्यांच्या रानात होई. कन्नड घरांतील मुय्यीची रीतही हीच. या मंडळीत गुळव्या हा जाणता. रसाचा रंग, फेसाची जात आणि उलथण्यावरून पडणारी तार पाहून तो काहील कधी उतरवावयाची हे ठरवी. परंतु गुळव्याचे सारे ज्ञान चुलवाणाशी बसलेल्या माणसाच्या हाती असे. जाळ क्षणभर वाढला तर आदण करपे, मंदावला तर गूळ चिकट होऊन ढेप धरीत नसे. धुरात बसलेला तो मनुष्य काहिलीच्या आत पाहू शकत नाही आणि काहिलीशी उभा असलेला गुळव्या चुलवाणाच्या आत पाहू शकत नाही, म्हणून एकाच्या शब्दावर दुसऱ्याने तत्काळ विश्वास ठेवणे एवढाच मार्ग उरतो. असा विश्वास एका हंगामात उत्पन्न होत नाही. बिघडलेल्या आदणाचा दोष दुसऱ्याच्या माथी न मारणारा जाणता लाभला तरच तो उत्पन्न होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखात सहकर्माचे तिसरे स्थान निर्माण झाले, ते म्हणजे कचेरी. १८५३ साली हैदराबादच्या दिवाणगिरीची सूत्रे हाती घेतलेल्या पहिल्या सालारजंगांनी वसुलाचा मक्ता सावकार आणि अरब जमादारांना देण्याची अनर्थकारक पद्धत मोडून काढली आणि १८६५ मध्ये जिलाबंदी करून सुभा, जिल्हा, तालुका अशी अमलाची साखळी उभारली. त्याच वर्षी माणिकनगरात माणिकप्रभूंनी समाधी घेतली, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण मराठी, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत पदरचना करणाऱ्या आणि हिंदू, मुसलमान, लिंगायत या सर्वांना आपल्या दरबारात समान स्थान देणाऱ्या त्या सत्पुरुषाने लोकमानसात जी भूमी तयार केली होती, तिच्यावरच या नव्या बहुभाषी कचेऱ्यांना काम करावयाचे होते.

गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी असे तीन अधिकारी होते. माली पाटलाने वसूल करावा, पटवाऱ्याने लिहावे, पोलीस पाटलाने बंदोबस्त पाहावा, अशी ही विभागणी होती. पैसा घेणारा हात आणि हिशेब लिहिणारा हात निराळे ठेवण्यामागे संशय होता असे कोणी म्हणेल. मला त्यात सहकाऱ्यांच्या अब्रूचे रक्षण दिसते. एकाच माणसाच्या हाती सर्व काही असले म्हणजे त्याच्या सचोटीचा पुरावा उरत नाही, आणि पुरावा नसलेली सचोटी पहिल्याच अफवेला बळी पडते. पहाणी पत्रकात शिवारातील पीक पटवाऱ्याने पाटील आणि पंच यांच्या समक्ष नोंदवावे, जमाबंदीच्या वेळी ते तहसीलदारापुढे ताडून पाहिले जावे, या क्रमाने प्रत्येकाला दुसऱ्याचा आधार मिळे. जेथे हे तिघे परस्परांशी संगनमत करून रयतेला नाडीत, तेथे त्याच साखळीचा फास होई, आणि अशी उदाहरणे दुर्मीळ नव्हती. म्हणून सहकाऱ्यांतील सख्य ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्या विरुद्ध वळू लागले तर ते सख्य नव्हे, टोळी होय, हेही या कचेरीनेच शिकविले.

भाषेचा प्रश्न येथे मोठा होता. १८८४ च्या सुमारास राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचे दप्तर मात्र मराठी अथवा कन्नड जाणणाऱ्यांच्या हाती राहिले. रयतेची तक्रार कन्नडमध्ये, तिची नोंद मोडीत आणि तिच्यावरील हुकूम उर्दूत, असा प्रवास एकेका कागदाला घडे. अशा कचेरीत कोणताही कारकून एकटा पुरा पडत नसे. उर्दू जाणणारा अहलकार आणि मोडी वाचणारा पटवारी यांना एकमेकांकडे रोज काही ना काही विचारावे लागे, आणि विचारण्यात कमीपणा न मानणे, विचारल्यावर न हसता सांगणे, या दोन साध्या सवयींवर तालुक्याचा कारभार चाले. विद्येचा ताठा असलेला मनुष्य तेथे सर्वांना जड होई. आपल्याला न येणाऱ्या भाषेत दुसरा पारंगत आहे हे मान्य करणारा सर्वांना हवा असे.

पुढे काळाने वेगाने कूस बदलली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. त्या वर्षाच्या भयानक घटनांनी शेजारी आणि सहकारी यांच्यातील विश्वासाला जे तडे गेले ते बीदर जिल्ह्याने विशेष सोसले. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि हुमनाबादसह उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. एका दफ्तरात बसणारी माणसे तीन राज्यांची नोकर झाली. नव्या व्यवस्थेत कोणाला कन्नड नव्याने गिरवावी लागली, कोणाला देवनागरी टिपणी लिहिण्याचा सराव करावा लागला, आणि उर्दूतील मुरब्बी कारकुनांना उतारवयात विद्यार्थी व्हावे लागले. जेथे तरुण सहकाऱ्यांनी अशा वडीलधाऱ्यांचे मसुदे त्यांना संकोच न वाटू देता सुधारून दिले, तेथे कचेरीची घडी लवकर बसली असली पाहिजे. १९६१ च्या ग्रामाधिकार निर्मूलन कायद्याने, ज्याचा अंमल १९६३ पासून सुरू झाला, वंशपरंपरेचे पाटील आणि पटवारी गेले आणि नेमणुकीचे ग्रामलेखापाल आले. जन्माने मिळालेला सहकारी जाऊन कामाने मिळालेला सहकारी आला, हा बदल वरवर शांतपणे झाला, तरी त्याचे महत्त्व फार मोठे होते.

त्यानंतर हळ्ळीखेड (बी) येथे बीदर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि खळे, गुऱ्हाळ व कचेरी या तिन्हींचे धागे एका ठिकाणी आले. सहकाराची कल्पना कर्नाटकाला परकी नव्हती. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा होताच १९०५ साली गदगजवळील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने देशातील पहिल्या सहकारी संस्थांपैकी एक स्थापन झाली होती. उसाच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात चालवून दाखविला, आणि त्या उदाहरणाने दख्खनच्या अनेक जिल्ह्यांत धीर निर्माण केला.

साखर कारखान्याचे काम असे आहे की, त्यात कोणालाही आपल्यापुरते पाहून चालत नाही. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक उतरत असते. फडात कोयता चालविणारे जोडपे, टोळीचा मुकादम, चिटबॉय, वजनकाट्यावरील कारकून, गव्हाणीत मोळ्या लोटणारे हमाल, मिलवरील फिटर, रसात चुना आणि गंधकाचे प्रमाण सांभाळणारे रसायनज्ञ, दाणा धरताना पॅनवरून नजर न काढणारा पॅनमन आणि अखेरीस पोती शिवणारे कामगार, या लांबलचक साखळीत एक कडी रुसली की पुढचे सर्व थांबते. हंगामात तीन पाळ्यांत कारखाना अहोरात्र चालतो, आणि सहकाऱ्याविषयीच्या आदराची खरी कसोटी पाळी बदलण्याच्या त्या काही क्षणांत लागते. कोणता पंप आवाज करतो आहे, कोणत्या झडपेवर लक्ष ठेवावयास हवे, कोणता पॅन कोणत्या अवस्थेत आहे, हे जाणाऱ्याने येणाऱ्याला नोंदवहीत लिहून आणि तोंडी सांगून जाणे ही वरवर क्षुल्लक रीत आहे. परंतु जो हे मनापासून करतो तो आपल्या नजरेआड काम करणाऱ्या माणसाच्या रात्रीची काळजी वाहतो. गुळव्या आणि चुलवाणाशी बसलेला मनुष्य यांच्यातील जुना विश्वास येथे नोंदवहीच्या रूपाने पुन्हा अवतरलेला दिसतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा विषय कायद्याच्या कक्षेतही आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तिसऱ्या कलमात, शंभर अथवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमण्याची तरतूद करण्यात आली. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असू नयेत असा दंडक घालण्यात आला, आणि उभयपक्षी स्नेह व सद्भाव टिकविण्याचे उपाय योजणे हे समितीचे कर्तव्य ठरविण्यात आले. चावडीतील सभेत आणि या समितीत एक वंशसंबंध आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोलाचा, की येथे ओट्यावर बसण्याचा हक्क जन्मावरून ठरत नाही. ऊसतोडणीच्या टोळ्यांना मात्र या समित्यांचा लाभ क्वचितच मिळाला. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या बोज्याखाली हंगामभर राबणारे ते लोक कारखान्याच्या साखरेचे पहिले निर्माते असूनही त्याच्या कुटुंबात गणले जात नाहीत. जुन्या वतनातील वेठीची सावली तेथे अजून पडलेली आहे, आणि ती हटविणे हे सहकार या शब्दाचे आजचे ऋण आहे.

या साऱ्या प्रवासातून एक निष्कर्ष मला अटळ वाटतो. सहकाऱ्यांमधील सद्भाव तीन आधारांवर उभा राहतो : कामाला समान प्रतिष्ठा, वाट्याचा उघड हिशेब, आणि तक्रार निर्भयपणे मांडण्याची मान्य जागा. कल्याणाने पहिला आधार दिला, खळ्याने दुसरा दिला, चावडीने आणि कार्यसमितीने तिसरा दिला; आणि या मुलखात जेथे जेथे कटुता आली तेथे या तिहींपैकी एक आधार निखळलेला आढळतो. बलुतेदारीत हिशेब होता, प्रतिष्ठा नव्हती. कचेरीत पद्धत होती, पण जेथे रयतेला बोलण्याची जागा नव्हती तेथे तिचा जुलूम झाला. गोड वाणी, नमस्कार, सणावाराला घरी बोलावणे या गोष्टी मोलाच्या आहेत, कारण त्यांच्यावाचून कामाचे ठिकाण रुक्ष होते. परंतु त्या या तीन आधारांची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याचा वाटा बुडविला आहे त्याला गोड बोलणे म्हणजे दुसरी दुखापत होय.

म्हणून आज ज्याच्या हाताखाली दोन माणसेही काम करीत असतील, त्याने या सीमेवरील गावांच्या अनुभवाकडे लक्ष द्यावे. आपल्या कचेरीत कोणाचे काम हलके समजले जाते, कोणाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर नोंदले जातात आणि कोणाला बोलण्याची भीती वाटते, हे तीन प्रश्न त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावेत आणि उत्तरांत जे आढळेल ते आधी दुरुस्त करावे. तसेच ज्याच्या हाती काहीच अधिकार नाही अशा माणसालाही पुष्कळ काही करता येते. आपल्या चुकीची खबर येणाऱ्या पाळीला वेळेवर देणे, न येणारी गोष्ट मोकळेपणाने विचारणे, विचारणाऱ्याला न हिणवता सांगणे आणि दुसऱ्याचे श्रेय चारचौघांत त्याच्या पदरी घालणे, यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नसते. भाषा, जात आणि धर्म यांच्या इतक्या सीमा जेथे एकमेकींना छेदून गेल्या, तेथेही माणसे एकत्र राबली आणि एकमेकांवर विसंबली. मग तुलनेने कितीतरी सोप्या परिस्थितीत काम करणाऱ्या आपल्याला सहकाऱ्याशी न्यायाने आणि स्नेहाने वागणे अवघड का वाटावे?